एक हजार सातशे एकोणनव्वद रुपयांची करसवलत

२०२३ च्या मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा होता, आणि लातूरच्या ज्या बँकेत माझे पगाराचे खाते आहे तिथल्या शाखाधिकाऱ्यांना वर्षअखेरीच्या कामातून मान वर करायलाही सवड नव्हती. विजेवर चालणाऱ्या मोटारीसाठी मी केलेला बारा लाखांच्या कर्जाचा अर्ज त्यांच्या टेबलावर दहा दिवस पडून होता. "सर, एवढी घाई कशाची? गाडी तर एप्रिलमध्ये मिळणार. आमचे हिशेब मिटले की पाच तारखेला मंजुरीपत्र घेऊन जा," असे ते समजुतीच्या सुरात म्हणाले. मी मात्र हटून बसलो. मंजुरीपत्रावर ३१ मार्चच्या आतली तारीख पडली नाही तर मला ही गाडीच नको, इथपर्यंत मी बोललो. शेवटी २९ तारखेला संध्याकाळी साडेसात वाजता मंजुरीपत्र हातात पडले आणि एखादा गड सर केल्याच्या थाटात मी घरी आलो.

ही घाई आयकर कायद्याच्या कलम ८० ईईबीपायी होती. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पाने आणलेल्या या कलमानुसार, विजेवरील वाहन घेण्यासाठी एखाद्या व्यक्तीने काढलेल्या कर्जावरील व्याजापैकी वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख रुपये उत्पन्नातून वजा करता येतात. मात्र ते कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेले असले पाहिजे. गाडी कधी ताब्यात आली, तिची नोंदणी कधी झाली, पहिला हप्ता कधी गेला, हे कायदा विचारत नाही. तो मंजुरीची तारीख तेवढी पाहतो. ती एकदा साधली की कर्ज फिटेपर्यंत दरवर्षी वजावट मागता येते. ही मुदत पुढे वाढवली गेली नाही, त्यामुळे ३१ मार्च २०२३ नंतर मंजूर झालेल्या कर्जाला हे कलम लागू होत नाही. तरीही गाडीच्या दुकानात "दीड लाखाची करसवलत" अजून तोंडभरून सांगितली जाते, म्हणून हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. या कलमाचे मूळ शब्द वाचताना मला जो आनंद झाला, तो कर वाचवण्याच्या आनंदाहून वेगळा होता. कायद्याने विजेच्या वाहनाची व्याख्या करताना वाहन केवळ विद्युत मोटरवर चालणारे असावे आणि मोटरला ऊर्जा केवळ वाहनातल्या बॅटरीतून मिळावी एवढ्यावर भागवलेले नाही. ब्रेक दाबल्यावर वाहनाच्या गतिज ऊर्जेचे पुन्हा विद्युत ऊर्जेत रूपांतर करणारी यंत्रणा त्यात असली पाहिजे, अशीही अट घातली आहे. अकरावीच्या वर्गात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवताना मी आता आयकर कायद्याचे उदाहरण देतो. पेट्रोल इंजिन आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या संकरित गाड्या या व्याख्येत बसत नाहीत, हा त्यातल्या "केवळ" या शब्दाचा व्यवहारातला अर्थ. दुचाकी मात्र बसते; "मोटारच हवी" असे कलम कुठेही म्हणत नाही.

व्याख्येचे कौतुक करण्याच्या भरात दोन साध्या गोष्टींकडे माझे दुर्लक्ष झाले होते. पहिली ही की दीड लाख ही व्याजाची कमाल मर्यादा आहे. ती रक्कम आपल्याला आपोआप मिळत नाही. बारा लाख रुपये, ८.७५ टक्के दर आणि सात वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता १९,१५५ रुपये येतो आणि पहिल्या बारा हप्त्यांतले व्याज भरते सुमारे ९९,९०० रुपये. दुसऱ्या वर्षी ते ८८ हजारांवर येते, तिसऱ्या वर्षी ७५ हजारांवर आणि चौथ्या वर्षी ६१ हजारांवर. म्हणजे दीड लाखाची मर्यादा पूर्ण वापरायची असेल तर याच दराने अठरा लाखांच्या आसपास कर्ज काढावे लागेल, आणि तेही पहिल्या वर्षापुरतेच. सवलतीची मर्यादा भरावी म्हणून कर्ज वाढवणे म्हणजे एकतीस रुपये वाचवण्यासाठी शंभर रुपये व्याज भरणे होय. हे उघड आहे. पण फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत बसून पाहा, भली माणसेही हा हिशेब उलटा मांडत असतात.

दुसरी गोष्ट अधिक खोल होती आणि ती कळायला मला सव्वा वर्ष लागले. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. कमी दरांच्या नव्या प्रणालीत ८० सी (बचत आणि आयुर्विमा) नाही, ८० डी (आरोग्य विमा) नाही आणि ८० ईईबीही नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली ही मूळ प्रणाली झाली, म्हणजे आपण होऊन जुनी निवडली नाही तर पगारातून कापला जाणारा कर नव्या दराने कापला जातो. आमच्या कार्यालयात पगारपत्रक करणाऱ्या भाऊसाहेबांनी एप्रिलमध्येच प्रत्येकाकडून लेखी विकल्प मागितला होता. मी डोळे मिटून "जुनी" असे लिहून दिले. व्याजाचे लाखभर रुपये वजा होणार, माझ्यावर तीस टक्क्यांचा दर लागतो, त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे ३१ हजारांवर फायदा, असे मनात पक्के होते.

पुढच्या वर्षी जून महिन्यात विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा सहज म्हणून दोन्ही प्रणालींचा हिशेब एका कागदावर शेजारी शेजारी मांडला. त्या वर्षीचा माझा पगार, शासनाचे निवृत्तिवेतन अंशदान सोडून, साडेचौदा लाख होता. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, कलम ८० सीखालील दीड लाख, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतले जादा ५०,००० आणि माझ्या व आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचे ४५,००० असे २,९७,५०० रुपये वजा जाऊन करपात्र उत्पन्न ११,५२,५०० उरत होते. त्यावर उपकरासह कर होत होता १,६४,५८० रुपये. गाडीच्या कर्जाचे व्याज वजा केल्यावर तो १,३३,४११ वर आला. एकतीस हजारांची बचत कागदावर नीट दिसत होती. मग शेजारच्या रकान्यात नवी प्रणाली मांडली. तिथे फक्त ५०,००० ची प्रमाणित वजावट धरली, बाकी काही नाही, तरी कर निघाला १,३५,२०० रुपये.

फरक १,७८९ रुपयांचा.

मी तो आकडा तीनदा तपासला. गाडीचे कर्ज काढलेच नसते तर मी जुन्या प्रणालीत राहून १,६४,५८० रुपये भरलेच नसते. मी नव्या प्रणालीत गेलो असतो. म्हणून माझ्या बचतीची तुलना जुन्या प्रणालीतल्या मोठ्या कराशी करणे चूक होते. ज्या वाटेने आपण गेलोच नसतो त्या वाटेवरचा टोल वाचला म्हणून आनंद मानण्यासारखे ते होते. सवलतीमुळे खरोखर हाती काय आले हे पाहायचे असेल, तर ती सवलत नसताना मिळू शकणाऱ्या सर्वांत कमी कराशी तुलना केली पाहिजे, आणि त्या मापाने कलम ८० ईईबीने मला २०२३-२४ मध्ये १,७८९ रुपये दिले. शाखाधिकाऱ्यांशी घातलेल्या वादाला ही किंमत तशी कमीच पडली.

पण म्हणून कलमच फसवे आहे, असे म्हणता येत नाही. माझ्याच विभागातले एक सहकारी आहेत. पगार जवळजवळ माझ्याएवढाच, बाकीच्या वजावटीही तशाच, आणि त्यांनीही त्याच महिन्यात माझ्याएवढेच कर्ज घेतले होते. फरक एवढाच की औसा रस्त्यावर त्यांचे घर आहे आणि त्या घराच्या कर्जाचे दोन लाख रुपये व्याज ते दरवर्षी वजा करतात. त्यांचा हिशेब मांडला तेव्हा जुन्या प्रणालीतला कर गाडीच्या व्याजाविना १,०७,१२० आणि गाडीच्या व्याजासह ८६,३४१ निघाला. नव्या प्रणालीचा विचार करण्याचे त्यांना कारणच नव्हते, त्यामुळे गाडीच्या कर्जाने त्यांना निव्वळ २०,७७९ रुपये वाचवून दिले. तीच गाडी, तेच कर्ज, तोच दर, आणि फायद्यात जवळजवळ बारा पटींचे अंतर. गंमत अशी की ते माझ्यापेक्षा खालच्या, वीस टक्क्यांच्या टप्प्यात होते. "तीस टक्के भरणाऱ्याला सवलतीचा फायदा जास्त" हे सर्रास ऐकू येणारे विधान इथे साफ कोसळते.

पुढील दोन वर्षांनी हे चित्र आणखी बदलले. २०२४-२५ मध्ये नव्या प्रणालीचे टप्पे सैल झाले आणि प्रमाणित वजावट तिथे ७५,००० झाली. माझा पगार पंधरा लाखांवर गेला होता. नव्या प्रणालीत कर आला बरोबर १,३०,००० आणि जुन्या प्रणालीत, गाडीचे ८८ हजार व्याज वजा करूनही, १,५२,७२४. मी नवी निवडली आणि ८० ईईबीचा माझा फायदा शून्यावर आला. सहकाऱ्यांचा मात्र त्या वर्षीही टिकून राहिला, कारण त्यांचा जुन्या प्रणालीतला कर ९९,२१६ होता. २०२५-२६ मध्ये चार लाखांपर्यंत कर नाही आणि पुढे दर चार लाखांना एक टप्पा, अशी रचना आली. साडेपंधरा लाख पगारावर नवा कर १,०५,३०० झाला. सहकाऱ्यांचा जुन्या प्रणालीतला हिशेब घर आणि गाडी दोन्ही धरून १,१२,२९९ निघाला, तेव्हा त्यांनाही नव्या प्रणालीत यावे लागले. आमच्यातले सर्वांत तरुण शिक्षक, ज्यांचा पगार अकरा लाखांच्या आत आहे आणि ज्यांनी त्या काळात विजेच्या स्कूटरचे कर्ज काढले होते, त्यांना त्या वर्षी नव्या प्रणालीत करच भरावा लागत नाही. जिथे करच नाही तिथे वजावट कशातून करणार?

नोकरदाराला ही निवड दरवर्षी नव्याने करता येते, ही त्यातली समाधानाची बाब. कार्यालयाला वर्षाच्या सुरुवातीला एक विकल्प दिला आणि विवरणपत्र भरताना दुसरा निवडला तरी चालते. मात्र जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीच्या आत गेले पाहिजे. उशीर झाला की नवीच लागू होते. ज्यांना धंद्याचे उत्पन्न आहे त्यांना ही मोकळीक नाही. त्यांनी जुनी प्रणाली निवडून नंतर ती सोडली की पुन्हा तिच्याकडे वळण्याचा रस्ता, धंद्याचे उत्पन्न असेपर्यंत, बंद होतो.

आमच्या भागापुरती एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती इतरत्र फारशी कोणी सांगत नाही. मराठवाड्यातला शिक्षक कर्जासाठी पहिल्यांदा जातो तो शिक्षकांच्या पतसंस्थेकडे. ओळखीची माणसे, पगारातून थेट कपात, जामीनदार शेजारच्याच शाळेतला. एका परिचिताने विजेच्या गाडीसाठी असेच पतसंस्थेतून आठ लाख घेतले आणि तीन वर्षे व्याजाचा दाखला जोडून ८० ईईबीची वजावट मागितली. कलमात कर्ज "वित्तीय संस्थे"कडून घेतलेले असावे असे म्हटले आहे आणि त्या शब्दाची व्याख्या बँका व ठरावीक प्रकारच्या बिगर-बँक वित्तीय कंपन्या एवढ्यापुरतीच आहे. पतसंस्था त्यात येत नाही. विवरणपत्रात आता कर्ज देणाऱ्याचे नाव, कर्जखाते क्रमांक, मंजुरीची तारीख आणि वाहनाचा नोंदणी क्रमांक भरावा लागतो, त्यामुळे अशा मागण्या आता लगेच उघड्या पडतात. त्यांनी सुधारित विवरणपत्राने ज्या वर्षाची चूक दुरुस्त होण्यासारखी होती तेवढी दुरुस्त केली.

या सगळ्या खटाटोपात जी रक्कम खरोखर माझीच होती, ती हातची जाण्याच्या बेतात होती. दहा लाखांपेक्षा अधिक किमतीचे मोटारवाहन विकताना विक्रेता एक टक्का कर गोळा करून सरकारकडे भरतो. त्याला टीसीएस म्हणतात. माझ्या गाडीची किंमत १५,४०,००० होती, म्हणून १५,४०० रुपये बिलात वेगळे लावले होते. मी ते विमा आणि नोंदणीच्या खर्चात धरून विसरून गेलो होतो. हा खर्च नव्हेच. आपल्याच नावे आगाऊ भरलेला तो आयकर असतो आणि विवरणपत्रात त्याची पूर्ण वळती मिळते, प्रणाली जुनी असो वा नवी. कार्यालयाकडून मिळणाऱ्या फॉर्म १६ मध्ये तो तेव्हा दिसत नव्हता. तो पाहायचा तर फॉर्म २६ एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडावा लागायचा, आणि मी उघडला तेव्हा तिथेही तो नव्हता, कारण विक्रेत्याने माझ्या पॅनमधले एक अक्षर चुकवले होते. त्यांनी दुरुस्तीचे विवरण भरेपर्यंत चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांत मी त्या दुकानाच्या किती खेपा घातल्या याचा हिशेब ठेवला नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदाराला हा टीसीएस आपल्या कार्यालयाला कळवून पगारातून होणारी कपात तेवढी कमी करून घेता येते. ज्यांनी नुकतीच गाडी घेतली आहे त्यांनी दुसरे काही केले नाही तरी एवढे करावे. १,७८९ रुपयांसाठी मी महिनाभर जीव टाकला आणि १५,४०० रुपयांकडे वर्षभर पाहिले नाही, हे लिहिताना आजही ओशाळल्यासारखे होते.

माझ्या मेहुण्याची गोष्ट याहून निराळी आहे. जालन्यात त्याचे बी-बियाण्यांचे दुकान आहे आणि दुकानाच्या कामासाठी जिल्हाभर फिरावे लागते. व्याजाच्या वजावटीसाठी त्याला ८० ईईबीची गरज नाही; धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचे व्याज धंद्याचा खर्च म्हणूनच वजा होते, प्रणाली कोणतीही असो. त्याच्यासाठी महत्त्वाचा आहे तो घसारा, म्हणजे गाडीच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट. साध्या मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, तर विजेवर चालणाऱ्या वाहनावर ४० टक्के. पण आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली असेल तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. ३१ मार्चपासून मागे मोजत गेले की ३ ऑक्टोबर ही तारीख येते. त्या दिवसापर्यंत गाडी वापरात आली पाहिजे.

आता आमच्याकडे गाडी घ्यायची म्हणजे दसरा. २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि २०२४ चा १२ ऑक्टोबरला. २०२४ च्या गणपतीत मी त्याला फोन करून सांगितले की पंधरा लाखांच्या गाडीवर सप्टेंबरअखेर सहा लाख घसारा मिळेल आणि दसऱ्याला घेतलीस तर तीन लाख. "दाजी, पितृपक्षात गाडी दारात आणली तर माय मला घरात घेईल का?" असे तो म्हणाला आणि ते खरेच होते, त्या वर्षी घटस्थापनाच मुळी ३ ऑक्टोबरला होती. त्याच दिवशी सकाळी गाडी दुकानासमोर उभी करून पूजा झाली आणि दुपारी ती अंबडच्या एका विक्रेत्याकडे मालाची थकबाकी आणायला गेली. १८० दिवसांत एकही दिवस कमी पडला नाही. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला होता, त्यामुळे त्या वर्षी घेणाऱ्यांना धर्म आणि आयकर यांच्यात निवड करावी लागली नाही. हेही सांगितले पाहिजे की उरलेला निम्मा घसारा बुडत नाही. तो पुढच्या वर्षांत विभागून मिळतो, म्हणून तीन लाखांचे नुकसान झाले असे कोणी समजू नये, वजावट लांबते एवढेच. घरच्या कामासाठी गाडी जेवढी फिरते तेवढ्या प्रमाणात घसारा आणि खर्च वगळावा लागतो. आणि जे व्यापारी हिशेबवह्यांऐवजी उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा दाखवतात, त्यांना घसारा वेगळा मागता येत नाही. तो त्या टक्क्यातच धरलेला असतो. मेहुणा हिशेबवह्या ठेवतो म्हणून त्याला हे साधले, नाहीतर ३ ऑक्टोबर काय आणि २४ ऑक्टोबर काय, सारखेच.

वजावट आणि करातून थेट सूट यांतला भेद मला नीट समजला तो नांदेडच्या अक्काच्या मुलीमुळे. ती आणि जावई अमेरिकेत ओहायो राज्यात असतात. तिथल्या केंद्र सरकारने नव्या विजेच्या गाडीवर ७,५०० डॉलरपर्यंत जी सूट ठेवली होती, ती उत्पन्नातून न वळता थेट करातून वळत होती. म्हणजे आपल्याकडे लाख रुपयांच्या वजावटीने एकतीस हजार वाचतात, तिथे साडेसात हजारांच्या सुटीने साडेसात हजारच वाचत. पण तिलाही एक मेख होती. सूट कराच्या रकमेपुरतीच मिळे. कर कमी असेल तर उरलेली सूट परत मिळत नसे आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नसे. २०२३ मध्ये बाळंतपणामुळे भाची अनेक महिने बिनपगारी रजेवर होती आणि दोघांचा मिळून कर ५,९०० डॉलरच्या आसपास होणार होता. गाडी डिसेंबरमध्ये घेतली असती तर १,६०० डॉलर वाया गेले असते.

"मामा, मग पुढच्या वर्षी पगार वाढल्यावर घ्यायची का?" असे तिने विचारले. तिला उत्तर देण्याइतका मी जाणकार नव्हतो, पण तिनेच शोधून काढले की १ जानेवारी २०२४ पासून खरेदीदाराला ही सूट विक्रेत्याच्या नावे करून गाडीच्या किमतीतच कमी करून घेता येणार होती, आणि असे केल्यास स्वतःचा कर सुटीपेक्षा कमी भरला तरी फरक परत मागितला जाणार नव्हता. उत्पन्नाची मर्यादा मात्र पाळावी लागे. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याला ती तीन लाख डॉलरची होती, आणि त्यासाठी चालू किंवा मागील वर्षापैकी ज्या वर्षाचे उत्पन्न कमी ते धरता येई. त्यांनी गाडी घेणे तीन आठवडे पुढे ढकलले. तत्पूर्वी नव्या वर्षात त्या गाडीला सूट लागू राहते की नाही तेही पाहून घेतले, कारण बॅटरीचे भाग कोणत्या देशातून येतात त्यावरच्या अटी जानेवारीपासून कडक होऊन अनेक गाड्या यादीतून गळणार होत्या. जानेवारीत ७,५०० डॉलर पूर्ण मिळाले. जुलै २०२५ मध्ये तिथल्या नव्या कायद्याने ही सूट ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी बंद केली, त्यामुळे भाचीची युक्ती आता कोणाच्या उपयोगाची राहिलेली नाही.

इतके सगळे मांडल्यावर माझ्या गाडीत सरकारचा खरा हात कुठे लागला, हेही पाहिले. वस्तू आणि सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून बारा टक्क्यांऐवजी पाच टक्के आहे. तो किमतीतच मिसळलेला असतो, त्यासाठी कोणतेही विवरणपत्र भरावे लागत नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणाने विजेच्या गाड्यांना मोटार वाहन करातून सूट दिली होती. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर तो कर तेव्हा बारा टक्के होता, म्हणजे तेवढ्याच किमतीच्या पेट्रोल गाडीवर मी १,८४,८०० रुपये भरले असते. ही सूट २०२५ च्या धोरणातही कायम आहे, आणि त्याच धोरणाने समृद्धी महामार्गावर अशा गाड्यांना टोलमाफी दिली आहे, जी माझ्या लातूरला नसली तरी जालन्याच्या मेहुण्याला उपयोगी पडते. यातल्या कशासाठीही मी २९ मार्चची संध्याकाळ बँकेत घालवायला नको होती.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ८० ईईबी हा आकडा आता जुन्या वर्षांच्या विवरणपत्रांपुरता उरला. माझ्या कर्जाची चार वर्षे बाकी होती आणि मुद्दल पावणेआठ लाखांच्या आसपास होते. करात त्या व्याजाचा मला काही उपयोग राहिलेला नाही हे एकदा मान्य केल्यावर ते ८.७५ टक्क्यांचे साधे कर्ज उरते, आणि माझी कोणतीही ठेव तेवढे व्याज देत नाही. एका विमा पॉलिसीची मुदत संपून तीन लाख रुपये आले होते, ते घेऊन मी त्याच शाखेत गेलो. वर्षाला साधारण सव्वीस हजार रुपये व्याज त्यामुळे कमी होणार होते. शाखाधिकारी बदलून गेले होते, खिडकीवरचा तरुण लिपिक पावती करता करता थांबला आणि म्हणाला, "सर, मुदतीआधी फेडलं तर तुमची कराची सवलत कमी होईल की." मी पाकिटातला तो तीन वर्षांच्या हिशेबाचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला, मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या स्कूटरच्या कर्जाचे आकडे लिहायला लागला.